गळालाही सुट्टी हवी

जून-जुलैत वसईच्या किनाऱ्यावर एक चक्कर मारलीत तर एक विसंगती तुमच्या नजरेतून सुटणार नाही. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा या कोळीवाड्यांत होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. ओटीवर बसून जाळी विणण्याचे आणि सांधण्याचे काम चाललेले असते. ज्यांचे पोट मासळीवर अवलंबून आहे ती माणसे या दोन महिन्यांत मासळीला हात लावीत नाहीत. आणि नेमक्या याच दिवसांत खाडीच्या काठावर, धक्क्यावर, खाजणाच्या बांधावर रेनकोट चढवून, गळ टाकून काही मंडळी उभी असतात. त्यांचे पोट मासळीवर मुळीच अवलंबून नसते. कोणी बँकेत असतो, कोणी कारखान्यात, कोणी तुमच्यासारखा शाळकरी मुलगा. मासा मिळाला तर आनंद, न मिळाला तरी घरी जेवण तयारच असते.

गळाने मासे धरणे हा छंद वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट, शांत बसून पाण्याचे निरीक्षण करायला लावणारा इतका चांगला छंद दुसरा क्वचितच सापडेल. परंतु ज्याला पोटासाठी मासा हवा आहे तो थांबतो आणि ज्याला गंमत म्हणून हवा आहे तो थांबत नाही, हे काही बरोबर नाही. माझे मत असे आहे की, पावसाळ्यात होड्यांप्रमाणे गळालाही सुट्टी असली पाहिजे. हे मत केवळ भावनेवर आधारलेले नाही. त्यामागे चंद्र, सूर्य, वारा आणि मासा या चौघांचे शास्त्र आहे. ते आपण क्रमाने पाहू. मग माझे म्हणणे पटते की नाही ते तुम्हीच ठरवा.

समुद्राची दोन घड्याळे

मासे केव्हा मिळतात, असा प्रश्न कोणत्याही अनुभवी कोळ्याला विचारा. तो लगेच उत्तर देणार नाही. आधी विचारील, “आज तिथी कोणती?” मग आकाशाकडे पाहून वारा कोठून आहे ते बघेल. या दोन कृतींत सगळे शास्त्र आले. समुद्राला दोन घड्याळे आहेत. एक चंद्राचे. ते भरती-ओहोटी, उधाण आणि भांग दाखवते. दुसरे सूर्याचे. ते ऋतू दाखवते. चंद्राच्या घड्याळावरून कोणत्या दिवशी आणि किती वाजता ते कळते. सूर्याच्या घड्याळावरून कोणत्या महिन्यात ते कळते. पहिले घड्याळ पाहणारे हौशी पुष्कळ भेटतात. दुसरे पाहणारे थोडे. आणि चूक होते ती तेथेच.

चंद्राचे घड्याळ

आधी चंद्राचे घड्याळ पाहू. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा आणि जुना आडाखा आहे. त्या दिवशीची तिथी घ्यावी, तिला तीनने गुणावे आणि चारने भागावे. जे उत्तर येईल तितके वाजता पूर्ण भरती. उदाहरणार्थ, चतुर्थी असेल तर ४ × ३ ÷ ४ = ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला मात्र बाराच्या सुमारास धरायची, आणि प्रतिपदेपासून पुन्हा नव्याने मोजायला सुरुवात करायची. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हा आडाखा कोठून आला असेल? एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत चंद्र ३० तिथी चालतो आणि तेवढ्या काळात सूर्याच्या मागे एक पूर्ण फेरी, म्हणजे २४ तास पडतो. २४ तासांना ३० ने भागले तर प्रत्येक तिथीला ४८ मिनिटे येतात. आडाख्यात आपण पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटे धरली. फरक फक्त तीन मिनिटांचा! अर्थात, हा फरक साठत जातो. चतुर्दशीपर्यंत तो १४ × ३ = ४२ मिनिटे होतो आणि पौर्णिमेला मोजणी नव्याने सुरू केली की नाहीसा होतो. घड्याळ नसलेल्या माणसाने बोटांवर करायच्या हिशेबात एवढी चूक चालण्यासारखी आहे. खाडीच्या आतल्या भागात भरती आणखी उशिरा पोचते, हेही ध्यानात ठेवावे.

आता उधाण आणि भांग यांच्याकडे वळू. भरती चंद्र आणि सूर्य या दोघांच्या ओढीने येते. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे २ कोटी ७० लाख पट जड आहे. मग भरतीवर चंद्राचाच वरचष्मा का? कारण भरती आणणारे बल अंतराच्या वर्गाने नव्हे, घनाने कमी होते. सूर्य चंद्राच्या सुमारे ३८९ पट दूर आहे. ३८९ चा घन काढा. तो सुमारे ५ कोटी ९० लाख येतो. २.७ ला ५.९ ने भागले की उत्तर येते ०.४६. म्हणजे भरतीच्या बाबतीत चंद्राचा जोर १ धरला तर सूर्याचा जोर ०.४६, निम्म्याहूनही कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येऊन ओढतात, जोर १.४६ होतो. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात, एकमेकांच्या विरुद्ध काम करतात; जोर ०.५४ उरतो. ही भांगाची भरती. दोन्हींचे गुणोत्तर सुमारे २.७.

प्रत्यक्षात काय दिसते? मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सरासरी साडेतीन मीटरांहून थोडा जास्त फरक असतो. भांगाला तो दीड मीटरांहून थोडा कमी असतो. गुणोत्तर सुमारे अडीच. कागदावरचा हिशेब आणि धक्क्यावरची खूण एकमेकांच्या इतक्या जवळ आलेली पाहून मला तरी दर वेळी आनंद होतो. मात्र एक बारकावा आहे. पाण्याला जडत्व आहे, समुद्रतळाचे घर्षण आहे. त्यामुळे उधाणाचा सर्वांत मोठा जोर पौर्णिमेच्या दिवशी न येता एक-दोन दिवस उशिरा येतो.

याचा मासेमारीशी संबंध काय? वसई-अर्नाळ्याकडची डोल जाळी आठवा. मोठ्या पिशवीसारखे हे जाळे खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी लावतात. जाळे जागेवरच राहते, पाणी त्यातून वाहते आणि बोंबील, करंदी, जवळा त्यात आपोआप वाहत येतात. तेव्हा प्रवाह जितका जोरदार तितके जाळ्यातून जास्त पाणी गाळले जाणार. म्हणूनच डोलीचे काम उधाणाच्या दिवसांत जोरात चालते आणि भांगाला मंदावते.

गळवाल्याचे तसे नाही. वाहत्या गढूळ पाण्यात आमिष एका जागी ठरत नाही आणि माशाला दिसतही नाही. म्हणून त्याला प्रवाह हवा, पण बेताचा. भरतीचे पाणी दर तासाला सारखे चढत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर चढ अनुक्रमे बाराव्या भागाच्या १, २, ३, ३, २ आणि १ पट असतो. एकूण चढ ३ मीटर ६० सेंटिमीटर असेल तर पहिल्या तासाला ३० सेंटिमीटर, मग ६०, मग ९०, पुन्हा ९०, ६० आणि शेवटी ३०. म्हणजे भरतीचा पहिला आणि शेवटचा तास शांत, मधले दोन तास खळाळते. अनुभवी गळवाला ओहोटी लागताच आडव्या येणाऱ्या खाजणाच्या तोंडाशी जाऊन बसतो, कारण कोळंबी आणि बारीक मासळी तिवरांतून पाण्याबरोबर बाहेर पडू लागते आणि मोठा मासा तोंडाशी दबा धरून असतो. हे ज्ञान उत्तम आहे. पण हे झाले नुसते चंद्राचे घड्याळ.

सूर्याचे घड्याळ

आता दुसरे घड्याळ. वसईचा किनारा दोन खाड्यांच्या मध्ये वसलेला आहे. दक्षिणेला उल्हास नदीचे पाणी घेऊन येणारी वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची. पावसाळ्याचे चार महिने या दोन्ही खाड्या डोंगरातील माती, पालापाचोळा आणि गोडे पाणी समुद्रात ओततात. किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ होते, त्याचा खारेपणा उतरतो आणि नैऋत्येकडून वारा सारखा लाटा आणून आदळत असतो.

लाटेतील ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हिवाळ्यात अर्ध्या मीटरची लाट येत असेल आणि जुलैमध्ये तीन मीटरची, तर उंची सहा पट झाली. पण ऊर्जा छत्तीस पट! किनाऱ्यावरचा शेवाळलेला खडक आणि छत्तीस पट जोराची लाट यांच्यामध्ये हातात गळ घेऊन उभे राहणे हे धाडस नव्हे, अज्ञान आहे. दरवर्षी पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर माणसे लाटेने ओढली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो.

पाऊस ओसरला की चित्र पालटते. ऑक्टोबरपासून खाडीचे पाणी निवळू लागते आणि त्याचा खारेपणा परत येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत वारा बहुधा उत्तरेकडचा, समुद्र शांत आणि पाणी स्वच्छ. खोल समुद्रात सुरमई, कुपा यांच्यामागे जाणाऱ्या हौशी मंडळींचा हा खरा काळ. अंदमानात गळाने मोठे मासे धरण्यासाठी जे पाहुणे येतात तेही साधारणपणे नैऋत्य मोसमी वारा थांबल्यानंतर, तो पुन्हा सुरू होण्यापूर्वी येतात. मार्च ते मे या काळात जमीन दुपारी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून जोरदार खारा वारा सुटतो. म्हणून लहान होडीने पहाटे जावे आणि दुपारच्या आत परत यावे, हा कोळ्यांचा नियम.

या चांगल्या महिन्यांतही एक धोका आहेच. अरबी समुद्रात वादळे बहुधा दोन वेळा होतात: पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा संपल्यावर. २००९ च्या नोव्हेंबरातील ‘फयान’, २०२० च्या ३ जूनला अलिबागजवळ धडकलेले ‘निसर्ग’ आणि २०२१ च्या मे महिन्यात आपल्या किनाऱ्याजवळून गेलेले ‘तौक्ते’ ही तिन्ही वादळे याच दोन खिडक्यांतली. तेव्हा महिना योग्य असला तरी हवामान खात्याचा इशारा ऐकल्याशिवाय समुद्रात पाऊल टाकू नये.

पावसात मासा काय करीत असतो?

इथवर आपण माणसाच्या सोयीचा विचार केला. पण हंगाम ठरविण्याचा अधिकार एकट्या माणसाला नाही. तो माशालाही आहे. पावसाळ्यात मासा काय करीत असतो?

गळवाल्यांचा सर्वांत लाडका मासा म्हणजे जिताडा. त्याचे आयुष्य एखाद्या कादंबरीसारखे आहे. तो वाढतो खाडीत आणि गोड्या पाण्याच्या आसपास, पण अंडी घालण्यासाठी त्याला खारे पाणी लागते. पावसाळा आला की पूर्ण वाढलेले जिताडे खाडीच्या मुखाशी जमतात आणि बहुधा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास अंडी घालतात. का? कारण उधाणाची भरती ती अंडी आणि पिले खाडीत दूरवर, थेट तिवरांच्या मुळांपर्यंत आणि खाजणातील डबक्यांपर्यंत नेऊन सोडते. तेथे अन्न भरपूर, आडोसा भरपूर आणि शत्रू थोडे. रायगड जिल्ह्यात खारभूमीच्या तळ्यांत जिताडा वाढवतात, तो पावसाळ्यात अशा रीतीने आत आलेल्या पिलांमुळेच.

म्हणजे पाहा, जी दोन घड्याळे आपण आत्ताच पाहिली ती दोन्ही जिताड्याला येतात! महिना तो सूर्याच्या घड्याळावरून निवडतो आणि दिवस चंद्राच्या. दुर्दैवाने तीच वेळ, तीच जागा गळवालाही निवडतो. पावसाळ्यातले उधाण, खाडीचे मुख, ओहोटीची सुरुवात. “या दिवसांत जिताडा हमखास लागतो” असे तो आनंदाने सांगतो. लागणारच. तो तेथे वंश वाढवायला आलेला असतो.

यातील आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जिताडा जन्मतः बहुधा नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, त्याचे मादीत रूपांतर होते. म्हणजे लहान जिताडे बहुतेक नर आणि खूप मोठे जिताडे जवळजवळ सगळ्या माद्या. ज्या माशाबरोबर उभे राहून छायाचित्र काढावेसे वाटते, तीच आई असते. शिवाय लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट होत नाही, आठ पट होते. कारण आकारमान लांबीच्या घनाने वाढते. पोटातील अंडीही जवळपास त्याच हिशेबाने वाढतात. एक मोठी मादी दहा-वीस लाख नव्हे, कोटीच्या घरात अंडी घालू शकते. भरतीच्या हिशेबात भेटलेला घन येथे पुन्हा भेटतो आणि सांगतो की, एक मोठा मासा मारणे हे चार लहान मासे मारण्यापेक्षा महाग पडते.

जिताडा एकटाच नाही. पाला समुद्रातून नद्यांत चढतो तो पावसाळ्यातच. शिंगाळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. मादीने घातलेली अंडी नर आपल्या तोंडात घेतो आणि पिले बाहेर पडून हिंडू लागेपर्यंत तोंडातच सांभाळतो. तेवढे दिवस तो बहुतेक उपाशी राहतो. १९८० च्या दशकात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्स सीन नावाच्या मोठ्या घेरजाळ्यांनी असे तोंडात अंडी धरलेले शिंगाळ्यांचे थवेच्या थवे उचलले गेले आणि पुढे तेथील शिंगाळ्याची मासेमारी बसली. निसर्गाच्या बँकेत व्याज घ्यावे, मुद्दल काढू नये, असे म्हणतात. येथे मुद्दलच उचलले गेले.

बंदी कोणी घातली?

आता कोणी म्हणेल, “पूर्वीचे लोक कुठे बंदी पाळत होते? तरी मासे होतेच ना?” हा प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर असे की, पूर्वी बंदी होती; फक्त ती सरकारने घातलेली नव्हती, समुद्राने घातलेली होती. शिडाच्या आणि वल्ह्याच्या होडीला जुलैच्या समुद्रात जाणे शक्यच नव्हते. म्हणून पावसाळा सुरू झाला की होड्या वर, आणि श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा पाण्यात. हा रिवाज जिवाच्या भीतीतून आला असेल. पण त्याचा फायदा माशांना आपोआप मिळत गेला.

पुढे होड्यांना यंत्रे बसली. समुद्राने घातलेली बंदी यंत्राने उठवली. जेथे समुद्राचा धाक संपला तेथे कायद्याला यावे लागले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे आणि २०२१ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. गेली काही वर्षे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून या काळात असते. बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना तीतून सूट आहे.

या तारखांबद्दलही मतभेद आहेत. ३१ जुलैऐवजी १५ ऑगस्टपर्यंत बंदी वाढवावी, म्हणजे पापलेटच्या पिलांना वाढायला अवधी मिळेल, अशी मागणी मच्छीमारांमधूनच होत आली आहे. तर कोणी म्हणतात, नारळी पौर्णिमेचा जुना दिवसच बरा. पण नारळी पौर्णिमा तिथीने येते. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे ती दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. २०२० मध्ये ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली होती. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ३० ऑगस्टला. पावसाळा मात्र सूर्यावर चालतो. तो अधिक महिना ओळखत नाही. म्हणून ऋतूचा नियम सौर तारखेनेच असावा आणि नारळी पौर्णिमेचा सण सणाच्या जागी राहावा, हे मला अधिक शास्त्रीय वाटते.

असो. मुख्य मुद्दा असा की, बंदी यांत्रिक नौकांवर आहे. काठावर उभ्या असलेल्या गळवाल्याचा तिच्याशी संबंध येत नाही. पूर्वी त्यालाही पावसाची आणि चिखलाची अडचण होती. आता डांबरी रस्ता खाडीच्या काठापर्यंत गेला आहे, मोटारसायकल आहे, भरतीची वेळ खिशातल्या फोनवर दिसते. होडीला यंत्राने जे दिले तेच याला या साधनांनी दिले. होडीसाठी कायदा आला. याच्यासाठी काहीच आले नाही.

“एका गळाने काय होणार?”

हौशी मंडळींचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: “ट्रॉलर टनांनी मासे नेतात, आमच्या एका गळाने काय होणार?” या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. समुद्रातील मासळी घटण्यास मोठी जाळी, बारीक आस आणि खाड्यांत सोडलेले सांडपाणी ही कारणे गळापेक्षा कितीतरी मोठी आहेत. परंतु मोठ्या चुकीने लहान चूक बरोबर ठरत नाही. दुसरे असे की, जाळे सगळ्या आकारांचे मासे गोळा करते. गळवाला मात्र मुद्दाम सर्वांत मोठ्या माशाच्या मागे असतो, तोही अंडी घालण्याच्या जागी आणि वेळी. गळ एकच असला तरी निवड नेमकी असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळे मासे काही पावसाळ्यातच अंडी घालीत नाहीत. बोंबील जवळजवळ वर्षभर अंडी घालतो. मग दोन महिने थांबून काय मिळणार? खरे आहे. एकच तारीख सगळ्या माशांना लागू पडत नाही. म्हणूनच महाराष्ट्राने २०२३ मध्ये पन्नासाहून अधिक जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडू नये असा नियम केला. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. पण काही मासे सुटतात म्हणून जे वाचवता येतात तेही सोडून द्यावेत, हा युक्तिवाद गळक्या छपराचे एक कौल बसत नाही म्हणून सगळीच कौले काढण्यासारखा आहे.

आणि हे अशक्य आहे असेही नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात आपल्या जिताड्याचाच भाऊबंद, तिकडे त्याला बारामंडी म्हणतात, गळवाल्यांचा जीव की प्राण आहे. तेथील पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हा मासा पकडायला बंदी असते, कारण दक्षिण गोलार्धात तोच उन्हाळा-पावसाळ्याचा आणि त्याच्या विणीचा काळ. ही बंदी हौशी माणसालाही लागू आहे. एवढेच नव्हे, तर ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा मासा पाण्यात परत सोडावा लागतो. लहान मासा सोडायचा हे कोणालाही समजते. मोठा का सोडायचा, ते आपण वर पाहिलेच. ती आई असते.

आपण काय करावे?

माझी सूचना साधी आहे. गळ टाकणाऱ्यांनी आपण होऊन १ जून ते १५ ऑगस्ट गळ गुंडाळून ठेवावा. त्यानंतरही दोन हातांत मावणार नाही असा मोठा जिताडा लागला, तर त्याला पाण्यातच ठेवून, ओल्या हाताने गळ काढून सोडून द्यावा. शिंगाळ्याच्या तोंडात अंडी दिसली तर त्यालाही तसेच सोडावे. यासाठी पोलिस नको, दंड नको. कोळीवाडा शेकडो वर्षे जे पाळत आला ते शहरातून आलेल्या पाहुण्याने पाळावे, एवढेच. ज्याच्या अंगणात आपण खेळायला जातो त्याच्या घराची रीत पाळणे हा साधा सभ्यपणा आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही विद्यार्थ्यांनी यात काय करायचे? पुष्कळ करण्यासारखे आहे. आपल्या खाडीत कोणता मासा कोणत्या महिन्यात अंडी घालतो, याच्या नोंदी प्रत्येक गावाच्या अशा फारच थोड्या आहेत. त्या तुम्ही ठेवू शकता आणि त्यासाठी एकही मासा मारावा लागत नाही. एक वही घ्या. घरी मासळी येते त्या दिवशी तारीख, तिथी, माशाचे नाव, पट्टीने मोजलेली लांबी आणि पोटात गाभोळी होती की नाही, एवढे लिहा. बाजारात मासळी विकणाऱ्या मावशींना विचारा. त्यांना याची जितकी माहिती असते तितकी पुष्कळशा पुस्तकांतही सापडणार नाही. खाडीजवळ राहत असाल तर वडीलधाऱ्या माणसाबरोबर धक्क्यावर जाऊन भरतीची खरी वेळ पाहा आणि तिथीच्या आडाख्याशी ताडून पाहा; फरक किती मिनिटांचा येतो ते लिहा. पांढरी बशी दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि किती खोलीवर ती दिसेनाशी होते ते मोजा. पाण्याचा गढूळपणा कळेल. एका वर्गातील वीस मुलांनी दोन वर्षे अशी वही ठेवली तर आपल्या गावाचा माशांचा पंचांग तयार होईल. मग बंदी ३१ जुलैला संपावी की १५ ऑगस्टला, यावर वाद घालताना आपल्या हातात काहीतरी पुरावा असेल.

गाभोळी पुष्कळांना फार आवडते. ती तळून ताटात वाढली जाते तेव्हा पुढच्या वर्षीचा एक थवा ताटात आलेला असतो, याची आठवण वहीत लिहिताना आपोआप राहील. कोणी खाऊ नये असे मी म्हणत नाही. मोजून खावे एवढेच म्हणतो.

चंद्र आणि सूर्य आपापली घड्याळे अचूक चालवीत आहेत. मासा ती बिनचूक वाचतो. कोळ्याने ती अनुभवाने वाचली. शाळा-कॉलेजात शिकलेल्या आपल्याला ती वाचता येत नाहीत असे नाही. एक घड्याळ आपण मोठ्या हौशीने पाहतो, दुसऱ्याकडे पाहायचे टाळतो. येत्या १ जूनला दुसरे घड्याळही पाहा, आणि शेजारी कोणी गळ घेऊन निघाला असेल तर त्यालाही दाखवा.